जिना चढताना धाप का लागते आणि व्यायामाने ती नेमकी कुठून कमी होते

हल्ली मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं आणि दोन-चार आठवड्यांनी हळूच एक आकडा पुढ्यात टाकतं, व्हीओटू मॅक्स ३१, आणि खाली बारीक अक्षरात 'सरासरीपेक्षा कमी'. हा आकडा कशाचा हेही कळत नाही आणि वाढवायचा कसा हेही नाही, कोणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं, "स्टॅमिना कमी आहे तुझा, चालायला लाग". ठीक आहे, लागू चालायला. पण स्टॅमिना म्हणजे शरीरात नक्की कुठली गोष्ट, ती किती दिवसांनी वाढते, पहिल्या आठवड्यात जीव का जातो आणि दीड महिन्याने तोच रस्ता सोपा का वाटतो, हे कोणी समजावून सांगत नाही.

तर हे लिहितोय ते मुख्यतः अशा लोकांसाठी जे दहा-वीस वर्षं खुर्चीवर बसून काम करतायत, कॉलेज सुटल्यापासून घाम निघेल असं काही केलेलं नाही, आणि आता कुठलातरी रिपोर्ट बघून किंवा तिसऱ्या मजल्यावर पोचून जरा टरकलेत.

आधी तो आकडा. पूर्ण जोर लावल्यावर तुमचं शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, दर किलो वजनामागे इतके मिलिलिटर असं ते मोजतात. १९२०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळणाऱ्या माणसाचा उच्छ्वास पिशवीत गोळा करून दाखवलं की वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजनचा वापर वाढायचा थांबतो. ती वरची मर्यादा म्हणजे हा आकडा. पुढे मी याला सरळ 'कमाल दम' म्हणतो, वाचायला सोपं जाईल.

## धाप लागते, पण फुफ्फुसं कमी पडलेली नसतात

इथेच बहुतेकांची पहिली गफलत होते. श्वास फुलला म्हणजे हवा कमी पडली, म्हणजे फुफ्फुसं कमजोर, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण फुफ्फुसाचा आजार नसलेला माणूस कितीही धापा टाकत असला तरी त्याच्या फुफ्फुसातून बाहेर पडणारं रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलंच असतं. बसून राहणाऱ्या माणसाची फुफ्फुसं त्याच्या हृदयाच्या मानाने चांगली ऐसपैस असतात. अडचण पुढे आहे.

गोदाम मालाने गच्च भरलेलं आहे, पण टेम्पो छोटा आहे, दिवसात फेऱ्या ठरावीकच होऊ शकतात, आणि ज्याच्या दारात माल न्यायचा त्याच्याकडे उतरवून घ्यायला माणसंच दोन, असं समजा. गोदाम म्हणजे फुफ्फुसं, टेम्पो म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त, फेऱ्या म्हणजे ठोके, आणि दारातलं गिऱ्हाईक म्हणजे मांडी-पोटरीचे स्नायू. आता गोदाम आणखी मोठं बांधून काही उपयोग आहे का? नाही ना.

मग धाप का लागते? स्नायूला ऑक्सिजन पुरेनासा झाला की तो ऑक्सिजनशिवाय साखर जाळायच्या दुसऱ्या वाटेवर जास्त भर देतो, त्यातून रक्तातली आम्लता वाढते, ती आटोक्यात ठेवायची तर कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर टाकायला लागतो, आणि मेंदू श्वास वाढवायचा हुकूम सोडतो. म्हणजे छाती वरखाली होत असते ती पायात झालेल्या तुटवड्यामुळे. (दमा असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, फुफ्फुसाचा आजार असेल, तर गोष्ट वेगळी. ते तपासून घ्यायलाच हवं, अशा वेळी नुसतं "व्यायाम वाढव" हा सल्ला चुकीचा आहे.)

## एक छोटा हिशोब, कंटाळू नका

आडॉल्फ फिक नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७० साली एक साधं सूत्र मांडलं आणि दीडशे वर्षांनंतरही सगळं त्याच्याच भोवती फिरतंय. शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं? मिनिटाचे ठोके, गुणिले एका ठोक्यात जाणारं रक्त, गुणिले त्या रक्तातून शरीराने प्रत्यक्षात काढून घेतलेला ऑक्सिजन. बस्स.

उदाहरणासाठी चाळिशीतला, ७० किलोचा, बसून राहणारा माणूस घेऊ. पूर्ण जोर लावला तर मिनिटाला १८० ठोके, एका ठोक्याला ९० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला १६.२ लिटर. एक लिटर रक्तात साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, त्यातला याचं शरीर १४० काढून घेतं. झाले २२६८ मिलिलिटर, भागिले ७०, उत्तर ३२. हाच घड्याळावरच्यासारखा आकडा.

आता हाच माणूस वर्षभर नेटाने व्यायाम करतो. ठोके वाढत नाहीत, हे नीट लक्षात घ्या, कमाल ठोक्यांचा आकडा वयाप्रमाणे ठरतो आणि व्यायामाने तो वर जात नाही. पण एका ठोक्यातलं रक्त ९० चं १०५ झालं आणि काढून घेतलेला ऑक्सिजन १४० चा १४५ झाला, तर गुणाकार करून बघा, २७४० च्या आसपास येतो, म्हणजे किलोमागे ३९. वीस टक्क्यांहून जास्त वाढ, आणि तिचा मोठा वाटा टेम्पो मोठा झाल्याचा.

आकडे मी समजायला सोपे घेतलेत, माणसागणिक ते बदलतात. पण मुद्दा असा की वाढ दोनच ठिकाणी होऊ शकते, एका ठोक्यातलं रक्त आणि स्नायूचं काढून घेणं. आणि या दोन गोष्टी सारख्या वेगाने होत नाहीत. नवीन व्यायाम करणाऱ्याची सगळी चिडचिड, सगळे गैरसमज मला वाटतं इथूनच येतात.

## पहिले दोन आठवडे: आधी रक्तच वाढतं

सगळ्यात आधी बदलतो रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा. व्यायाम सुरू केल्यावर एक-दोन दिवसांतच मूत्रपिंड मीठ-पाणी थोडं जास्त धरून ठेवायला लागतात, रक्तात प्रथिनंही वाढतात आणि ती पाणी धरून ठेवतात, आणि एक-दोन आठवड्यांत प्लाझ्मा दहा टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो. रक्त जास्त म्हणजे हृदयाकडे परत येणारं रक्त जास्त, कप्पा जास्त भरतो, जास्त ताणला जातो, आणि हृदयाचा स्वभावच असा की जेवढा ताण पडेल तेवढ्या जोरात ते आकुंचन पावतं. हृदयाच्या भिंतीत अजून काडीचाही बदल झालेला नसतो, तरी एका ठोक्यातलं रक्त वाढलेलं असतं.

म्हणून दहा-बारा दिवसांतच "अरे, जरा बरं वाटतंय" असं होतं, तो मनाचा खेळ नसतो.

यात एक गंमत आहे. प्लाझ्मा लगेच वाढतो, तांबड्या पेशी मात्र सावकाश, कित्येक आठवडे घेऊन. त्यामुळे मधल्या काळात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन किंचित कमी दिसू शकतं, कारण तेवढ्याच पेशी जास्त पाण्यात पसरल्यात. लोक घाबरतात, व्यायामाने रक्त कमी झालं म्हणतात. रक्त वाढलेलं असतं उलट. अर्थात आकडा बराच खाली असेल तर स्वतःच निदान करत बसू नका, लोहाची कमतरता खरोखरच असू शकते, बायकांमध्ये तर ती बरीच सापडते.

## मग स्नायू: दारात माल उतरवणारी माणसं वाढतात

पुढचा बदल पायात. स्नायूच्या प्रत्येक तंतूभोवती केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, केशवाहिन्या म्हणतात त्यांना. त्या इतक्या अरुंद की तांबड्या पेशींना एकीमागे एक, बऱ्याचदा अंग दुमडून, जावं लागतं. तेवढ्याच वेळात पेशीने ऑक्सिजन सोडायचा आणि तो भिंतीतून स्नायूत शिरायचा. वाहिन्या थोड्या असतील आणि रक्ताचा लोंढा जोरात येत असेल तर पेशी पुरता ऑक्सिजन न सोडताच पुढे निघून जातात. नियमित व्यायामाने काही आठवड्यांत नवीन केशवाहिन्या फुटतात, तेच रक्त जास्त वाटांनी विभागलं जातं, प्रत्येक वाटेतून ते सावकाश जातं, आणि ऑक्सिजन सोडायला वेळ मिळतो.

आणि आत शिरलेला ऑक्सिजन वापरणार कोण? मायटोकॉन्ड्रिया, पेशीच्या आतले ते बारीक घटक जिथे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते. १९६७ मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवून दाखवलं की त्यांच्या पायाच्या स्नायूत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. माणसातही हेच होतं, प्रमाण कमी-जास्त.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग बेंग्ट साल्टिन यांचा, १९७६ चा. त्यांनी लोकांना एकाच पायाने सायकल मारायला लावली, दुसरा पाय आरामात. काही आठवड्यांनी दोन्ही पाय वेगवेगळे तपासले तर व्यायाम केलेल्या पायाची सुधारणा मोठी आणि आराम केलेल्या पायाची अगदी मामुली. हृदय एकच, रक्त एकच, पण फायदा ज्या स्नायूने काम केलं त्यालाच जास्त. म्हणूनच तासभर पोहणारा माणूस पळायला गेला की पहिल्या दिवशी फाफलतो, आणि म्हणतो माझा स्टॅमिना गेला कुठे. गेला नाही रे बाबा, तो तुझ्या खांद्यात आहे.

स्नायू सुधारले की त्याच वेगाला ऑक्सिजनशिवायच्या वाटेवर कमी भार पडतो, आम्लता कमी, म्हणून श्वासही कमी फुलतो. सहाव्या-आठव्या आठवड्यात रस्ता सोपा वाटतो तो बराचसा यामुळे.

## आणि सगळ्यात सावकाश: हृदय

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून सगळ्या शरीराला रक्त जातं. वर्षानुवर्षं बसून राहिलं की या कप्प्याची भिंत हळूहळू ताठर होते. ताठर कप्पा दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणभरात नीट पसरत नाही, नीट भरत नाही, आणि जे भरलंच नाही ते बाहेर काय जाणार. नियमित दमाच्या व्यायामाने कप्पा थोडा मोठा होतो आणि जास्त लवचिक होतो, पण याला महिने लागतात, खरं सांगायचं तर वर्षं.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच तरुणांना, सगळे विशीतले, तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, काही नाही. त्यांचा कमाल दम चतुर्थांशाहून जास्त घसरला. मग त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला आणि तो भरून आला. तीस वर्षांनी, हे पाचही जण पन्नाशीत पोचल्यावर, त्यांना परत शोधून मोजलं, आणि दिसलं काय तर तीस वर्षांच्या वयाने जेवढा दम खाल्ला त्याच्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने जास्त खाल्ला होता! मग पन्नाशीत सहा महिने व्यायाम, हळूहळू वाढवत, आणि कमाल दम परत विशीतल्या सुरुवातीच्या पातळीला.

ही गोष्ट बरेच जण इथेच संपवतात, टाळ्या. पण यात एक मेख आहे. पन्नाशीत जो दम परत आला तो मुख्यतः स्नायूंनी जास्त ऑक्सिजन काढून घेतल्यामुळे आला, एका ठोक्यातलं रक्त फारसं वाढलंच नव्हतं. पन्नाशीतल्या हृदयाला सहा महिने पुरले नाहीत.

मग किती पुरतात? डॅलसमध्येच बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने ४५ ते ६४ वयाच्या, बसून राहणाऱ्या पण बाकी तब्येत ठीक असलेल्या लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग केला, तो २०१८ मध्ये छापून आला. एका गटाला आठवड्यातून चार-पाच दिवस दमाचा व्यायाम, त्यात एखादा दिवस जोराचा, आणि दुसऱ्या गटाला योगासनं, तोल सांभाळायचे व्यायाम आणि वजनं. दोन वर्षांनी पहिल्या गटाचा कमाल दम १८ टक्क्यांनी वाढलेला आणि डावा कप्पा मोजता येईल इतका मऊ झालेला, दुसऱ्या गटात हे काही नाही. त्याआधी लेव्हिन यांच्याच चमूने पासष्टीच्या पुढच्या लोकांवर वर्षभर असाच प्रयोग केला होता, तिथे दम छान वाढला पण ताठरपणा हलला नाही. म्हणजे उशिरा सुरू केलं तरी दमाचा फायदा मिळतोच, पण हृदयाची भिंत सुधारायची खिडकी कायमची उघडी नसते. साठीच्या आत सुरू करा असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

रोजच्या जगण्यात हा बदल दिसतो कुठे? सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजा. बसलेल्या शरीराला मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त लागतं. ७० ठोके गुणिले ७० मिलिलिटर म्हणजे ४.९ लिटर. कप्पा मोठा झाला आणि ठोक्याला ८२ मिलिलिटर जायला लागलं की ६० ठोक्यांत तेवढंच काम. शिवाय हृदयाला शांत ठेवणाऱ्या नसेचा प्रभावही व्यायामाने वाढतो, ठोके कमी व्हायचं तेही एक कारण.

## "पण देवाने ठोके मोजूनच दिलेत ना, मग पळून ते संपवायचे कशाला?"

हा युक्तिवाद ऐकायला जाम भारी वाटतो. करा हिशोब. आरामातले ठोके मिनिटाला दहाने कमी झाले तर दिवसाला १४,४०० ठोके वाचले. व्यायामाच्या तासात नाडी ६० ऐवजी १३० धरली तर जादा खर्च ४,२००. चला पुढे.

## "सगळ्यांना होतो फायदा, मलाच होत नाही"

ही तक्रार मात्र खोटी नाही. क्लॉड बुशार यांच्या हेरिटेज फॅमिली स्टडी नावाच्या मोठ्या अभ्यासात आधी व्यायाम न करणाऱ्या शेकडो लोकांकडून, कुटुंबंच्या कुटुंबं धरून, २० आठवडे तोच मोजूनमापून व्यायाम करून घेतला. सरासरी वाढ मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास, पण काहींची वाढ जवळपास शून्य आणि काहींची एक लिटरच्या वर! आणि कोणाला किती फायदा होणार यातला जवळपास निम्मा फरक घराण्यातून येतो असं निघालं.

यावरून "माझ्या जीन्समध्येच नाही" असं म्हणून सोफ्यावर बसायची सोय झाली बऱ्याच जणांची. पण २०१७ मध्ये मोंटेरो आणि लुंडबी यांनी वेगवेगळ्या गटांना आठवड्यातून एक ते पाच वेळा तासभर सायकल मारायला लावली. एकदाच मारणाऱ्यांत बहुतेकांना सहा आठवड्यांत फरक पडला नाही, चार-पाच वेळा मारणाऱ्यांत एकही जण कोरा राहिला नाही. आणि ज्यांना फरक पडला नव्हता त्यांचे आठवड्याला दोन दिवस वाढवले तर त्यांचाही दम वाढला. म्हणजे काहींना डोस जास्त लागतो एवढंच. अन्याय आहे, मान्य.

## किती जोरात?

नवीन माणूस हमखास जास्त जोरात जातो. पहिल्या दिवशी पळत सुटतो, चार मिनिटांत बसतो, आणि ठरवतो की हे आपलं काम नाही. आधी सांगितलेले बहुतेक बदल मध्यम जोरात, जास्त वेळ केल्याने होतात, कारण केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया वाढायला स्नायू बराच वेळ कामात राहावा लागतो.

मध्यम जोर ओळखायची सगळ्यात चांगली खूण बोलणं. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, हा मध्यम जोर. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर तो जोराचा. २२० वजा वय करून कमाल ठोके काढायचं सूत्र सगळीकडे फिरतं, पण त्यात माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके वाढूच दिले जात नाहीत, तिथे सूत्र साफ फसतं. बोलून बघणं त्या मानाने विश्वासाचं.

किती वेळ, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, किंवा दोन्हीचं मिश्रण. एका वेळी निदान दहा मिनिटं तरी हवीतच ही जुनी अट त्यांनी काढून टाकलीय, त्यामुळे "सलग वेळच मिळत नाही" हे कारणही गेलं. सुरुवातीला भरभर चालणं पुरे, महिना-दीड महिन्याने मधे मधे मिनिट-दोन मिनिटं जॉगिंग, आणि तीन-चार महिन्यांनी पाया तयार झाला की आठवड्यातून एखाद्या दिवशी चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. एका ठोक्यातलं रक्त वाढवायला असे जोराचे तुकडे चांगलेच उपयोगी पडतात. पण पहिल्या महिन्यात नको, कारण दम लवकर सुधारतो आणि गुडघे, टाचा, नडगीचं हाड यांना जुळवून घ्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. छाती हो म्हणते आणि नडगी नाही म्हणते, तेव्हा नडगीचं ऐकायचं.

## "व्यायाम करता करता माणसं कोसळतात, त्याचं काय?"

अशी बातमी आली की आठवडाभर सगळ्यांचं चालायला जाणं बंद. भीती अगदीच निराधार नाही. १९९३ च्या एका अमेरिकन अभ्यासात हार्ट अटॅक आलेल्यांना विचारलं की आधीच्या तासाभरात जोराचे कष्ट केले होते का. जे आठवड्यातून एकदाही जोराचा व्यायाम करत नव्हते त्यांच्यात अशा कष्टानंतरच्या तासात धोका शंभरपटीहून जास्त वाढलेला निघाला, आणि आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांत अडीच पटीहूनही कमी. शंभरपट ऐकायला भयानक आहे, पण कुठल्याही एका तासाचा मूळ धोका मुळातच फार छोटा असतो, त्याचं शंभरपट करूनही तो छोटाच राहतो. आणि यातून निघतं ते हेच, की अचानक जोर घातक आणि सवय हेच संरक्षण.

म्हणून चाळिशी ओलांडलेली असेल, शुगर-बीपी असेल, सिगरेट असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर जोराचा व्यायाम सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. साधं चालणं बहुतेकांना लगेच सुरू करता येतं. आणि चालताना-पळताना छातीत दाबल्यासारखं झालं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, चक्कर आली, ठोके वेडेवाकडे पडले, तर तिथेच थांबायचं. "थोडं ताणून बघू" हे धाडस तिथे करू नका.

## "तीन महिने झाले, वजन तर हललंच नाही"

नाही हलणार कदाचित. वजनाचा मोठा भाग खाण्यावर ठरतो आणि दमाचा मोठा भाग हालचालीवर, ही दोन वेगळी खाती आहेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रेडमिल टेस्टसाठी पाठवलेल्या सहा हजारांवर पुरुषांचा पाठपुरावा केला होता, त्यात कमाल दम किलोमागे साडेतीन मिलिलिटरने जास्त असला की जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी चांगली निघाली. हा संबंध आहे, दमामुळेच आयुष्य वाढलं असं यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण मुळात निरोगी माणसांचा दमही जास्त असतो.

ही शंका जुनीच आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसमध्ये दिवसभर जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो असं दाखवलं, आणि पुढे स्वतःच युनिफॉर्मच्या पँटच्या कमरेची मापं काढून तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणापासूनच जास्त निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण त्यानंतरच्या सत्तर वर्षांत पुरावा एकाच बाजूला साचत गेलाय, आणि वाढलेला रक्तदाब व्यायामाने पाच-सहा अंकांनी उतरतो, रक्तवाहिन्या जास्त सैल होतात, हे तर प्रयोगांतून थेट दिसलंय.

आता घड्याळ. ते ऑक्सिजन मोजत नाही, तुमचा वेग आणि नाडी बघून अंदाज बांधतं, आणि त्याने धरलेले कमाल ठोके तुमच्या बाबतीत चुकीचे असतील तर आकडाही चुकतो. शिवाय तो दर किलोमागे असल्यामुळे नुसतं वजन उतरलं तरी आकडा वाढतो, हृदयात काहीही न होता. त्यापेक्षा महिन्यातून एकदा तोच रस्ता, तोच वेग, साधारण तेच हवामान, आणि शेवटी नाडी मोजा, मग एक मिनिट उभं राहून परत मोजा. पहिला आकडा महिन्यागणिक उतरायला हवा आणि दोन आकड्यांमधला फरक वाढायला हवा.

## थांबलं तर?

जे आधी येतं ते आधी जातं. प्लाझ्मा काही दिवसांतच उतरायला लागतो, म्हणून आठवडाभर आजारी पडून उठल्यावर पहिल्या दिवशी इतकं जड जातं, पण तो परतही तसाच पटकन येतो. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये चांगल्या तयारीच्या खेळाडूंचा व्यायाम थांबवून मोजलं तर तीन आठवड्यांत कमाल दम सात टक्क्यांनी घसरला आणि १२ आठवड्यांनी १६ टक्क्यांनी. नव्याने कमावलेला दम अर्थातच जास्त कच्चा असतो.

कामाचा लोड आला, परीक्षा आली, घरात आजारपण आलं, की माणूस सगळंच सोडून देतो कारण सहा दिवस जमत नाही. इथे रॉबर्ट हिक्सन यांचे १९८०च्या दशकातले प्रयोग उपयोगी आहेत. आठवड्यातून सहा दिवस व्यायाम करून दम वाढवलेल्या लोकांना त्यांनी दोनच दिवसांवर आणलं, फक्त त्या दोन दिवसांचा जोर आणि वेळ आधीइतकाच ठेवला, आणि पुढचे १५ आठवडे त्यांचा कमाल दम टिकला. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेवढेच ठेवून जोर कमी केला तर मात्र तो उतरला. म्हणून अडचणीच्या महिन्यात दिवस कापा, जोर कापू नका. आजारपणानंतरचा पहिला आठवडा सोडून, तेव्हा दोन्ही अर्ध्यावर आणा आणि ताप पूर्ण गेल्याशिवाय बूटच घालू नका.